इंग्रजी भाषेचे आद्य कोशकार आणि त्यांचा वारसा
(ज्ञातिसंमेलनाच्या निमित्ताने दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात मनोरंजनाच्या कार्यक्रमापूर्वी एखाद्या विद्याविषयक प्रश्नाचा विचार व्हावा, अशी आपल्या मंडळाची इच्छा असते. यंदा ते काम आमच्याकडे सोपविण्यात आले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय निवडताना आमच्यापुढे एक साधी गोष्ट होती. गुणवंत विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दकोश बक्षीस देण्याची चाल आपल्याकडील बहुतेक ज्ञातिसंस्थांत पडून गेलेली आहे. घरोघरी तो ग्रंथ कपाटात असतो. तो कोणी व का केला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पंचांगाप्रमाणे शब्दकोशही आपोआप सिद्ध होत असावा, अशीच आपली समजूत असते. ती खरी नाही. इंग्रजी कोशाला जन्मवर्ष आहे, त्याला जन्म देणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या कष्टांत आपण घ्यावा असा एक धडा आहे. म्हणून हा विषय आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' प्रथम रंगभूमीवर आले, त्या काळी इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतच सांगणारा एकही कोश अस्तित्वात नव्हता, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कोश होते, पण ते परभाषेचे. लॅटिन शिकणाऱ्यांसाठी सर टॉमस एलियट याने १५३८ साली लॅटिन-इंग्रजी कोश केला. इटालियन शिकणाऱ्यांसाठी जॉन फ्लोरिओ याने १५९८ साली दुसरा केला. स्वतःची भाषा तर आईच्या मांडीवरच येते, तिला कोश कशाला, असे तेथील विद्वान समजत असत. आपल्याकडेही ही समजूत अद्याप नाहीशी झालेली नाही.

ही समजूत मोडण्यास कारण झाले ते त्या भाषेवर आलेले परकीय शब्दांचे लोंढे. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडात छापखाना आणला आणि पुढील शंभर वर्षांत ग्रंथांची संख्या अतोनात वाढली. लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, आणि भाषांतरकारांनी मूळचे शब्द इंग्रजी पोशाख चढवून जसेच्या तसे आणले. ज्यांचे शिक्षण लॅटिनमधून झाले होते त्यांना ते कळत. शेतकरी, कारागीर, दुकानदार आणि बहुतेक सर्व स्त्रिया यांना ते कळत नसत. आपल्याच देशातील धर्मोपदेशकाचे प्रवचन आपल्यास समजू नये, अशी त्यांची स्थिती झाली. अशा शब्दांना विरोधक 'शाईच्या दौतीतले शब्द' म्हणून हिणवीत. पण हिणविल्याने शब्द परत जात नसतात.

ही अडचण प्रथम ओळखली ती शाळामास्तरांनी. लंडनच्या शिंपी व्यापाऱ्यांच्या संघाने चालविलेल्या शाळेचा पहिला मुख्याध्यापक रिचर्ड मुल्कास्टर हा होय. १५८२ साली त्याने आपल्या ग्रंथात सुमारे ८,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली आणि कोणीतरी विद्वानाने आपल्या भाषेचे सर्व शब्द एकत्र करून त्यांचे अर्थ द्यावेत, अशी मागणी केली. त्याच्या यादीत अर्थ नव्हते. तथापि एका व्यवसायबंधूंच्या संघाने आपल्या मुलांसाठी काढलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाने ही मागणी करावी, हे आपल्यासारख्या संस्थेने मनात ठेवण्याजोगे आहे.

मागणी पुरी होण्यास २२ वर्षे लागली. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने 'ए टेबल अल्फाबेटिकल' हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. तोच इंग्रजीतला पहिला इंग्रजी कोश. कॉड्री हा मूळचा शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाला. अधिकृत धर्मसंस्थेचे काही विधी त्याला मान्य नव्हते. ते मत त्याने सोडले नाही, आणि त्याची वृत्ती काढून घेण्यात आली. अशा माणसाने, शिक्षकच असलेल्या आपल्या मुलाच्या साहाय्याने, सुमारे २,५०० कठीण शब्दांचे अर्थ सोप्या शब्दांत दिले. पुस्तक कोणासाठी, हे त्याने आरंभीच सांगितले आहे: स्त्रियांसाठी आणि ज्यांस विद्येचा लाभ झाला नाही अशा सर्वांसाठी. त्याची अर्पणपत्रिकाही पाच सरदारघराण्यांतील स्त्रियांच्या नावे आहे. विद्यापीठाची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्यासाठी इंग्रजी भाषेचा पहिला कोश निर्माण झाला, हे त्या भाषेच्या इतिहासातील भूषण होय. त्या पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत उपलब्ध असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

कॉड्रीने आणखी एक गोष्ट केली. कोश पाहावयाचा कसा, हे त्याला वाचकांस शिकवावे लागले. आधी वर्णमाला पाठ करावी. शब्द पहिल्या अक्षराने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी पाहावा, शेवटच्या अक्षरांपैकी असेल तर शेवटाकडे पाहावा, असे त्याने समजावून सांगितले आहे. आज हे वाचून हसू येते. परंतु वर्णानुक्रम ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. आपला अमरकोश पाहावा. त्यात स्वर्ग, पाताल, भूमी, वनौषधी असे वर्ग आहेत आणि ते श्लोकबद्ध आहेत. कारण तो पाठ करण्यासाठी रचलेला आहे. ज्याने तो गुरुमुखातून घेतला, त्याच्याच उपयोगाचा तो. वर्णानुक्रमाच्या कोशाला गुरू लागत नाही आणि पाठांतरही लागत नाही. अक्षरओळख असलेला कोणीही, कोणत्याही जातीचा, कोणत्याही वयाचा मनुष्य तो उघडून आपला शब्द शोधू शकतो. अमरकोशाची थोरवी यामुळे उणी होत नाही. पण विद्या सर्वांच्या हाती जाण्यास ही साधी मांडणी केवढी उपकारक झाली, हे ध्यानात यावे.

कॉड्रीनंतर १६१६ साली जॉन बुलोकर, १६२३ साली हेन्री कॉकरम, १६५६ साली टॉमस ब्लाउंट आणि १६५८ साली कवी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स असे कोशकार एकामागून एक झाले. प्रत्येकाने मागच्यांचे भांडवल वापरून आपले दुकान थाटले. फिलिप्सने आपले शब्द उचलले, हे पाहून ब्लाउंट इतका संतापला, की त्याने १६७३ साली फिलिप्सच्या चुका दाखविणारे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पण स्वतः ब्लाउंटनेही लॅटिन कोशांतून मुक्तहस्ताने घेतले होते! शब्द ही कोणा एकाची मिरास नाही, हेच या भांडणातून सिद्ध झाले.

येथे आपल्या इतिहासातील एका गोष्टीची आठवण होते. याच शतकात, शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून, आपल्याकडे राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारशी व अरबी शब्दांनी भरलेल्या राजकारभाराच्या भाषेला संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. इंग्रजांनी आलेले परके शब्द लोकांस समजावून दिले. आपल्याकडे परक्या शब्दांच्या जागी दुसरे देण्याचा प्रयत्न झाला. उपाय भिन्न, पण प्रश्न एकच: राज्यकर्त्यांची आणि विद्वानांची भाषा जर जनतेला अनोळखी झाली, तर काय करावे?

या आरंभीच्या सर्व इंग्रजी कोशांत एक मोठे व्यंग होते. त्यांत केवळ अवघड शब्द होते. भाकरी, पाणी, हात, चूल, नांगर यांसारख्या शब्दांना त्यांत प्रवेश नव्हता. जे सर्वांस येते ते कशाला लिहावयाचे, असा हिशेब होता. १७०२ साली निघालेल्या, जॉन केर्सी याचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोशात सुमारे २८,००० शब्द आले, आणि त्यात नित्याच्या बोलण्यातील शब्दांना प्रथमच पद्धतशीर स्थान मिळाले. म्हणजे कॉड्रीपासून तेथवर येण्यास ९८ वर्षे लागली. घरातला, शेतातला, बाजारातला शब्दही नोंदविण्यायोग्य आहे, एवढी साधी गोष्ट कळण्यास एका बुद्धिमान राष्ट्रास जवळजवळ शतक लागले! त्यानंतर नेथन बेली या शाळामास्तराने १७२१ साली सुमारे ४०,००० शब्दांचा कोश केला, त्यात शब्दांच्या व्युत्पत्ती दिल्या, आणि तो इतका लोकप्रिय झाला की शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.

आता आपण या इतिहासातील मेरुमणीकडे येतो. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या निबंधमालेत त्याच्यावर विस्ताराने लिहिले, आणि त्याच्या 'रासेलस' या कथेचे वडिलांनी आरंभिलेले मराठी भाषांतर त्यांनीच पुरे केले. जॉन्सन हा लिचफील्ड येथील एका पुस्तकविक्याचा मुलगा. ऑक्सफर्डला तो गेला, पण पैशाअभावी सुमारे १३ महिन्यांतच त्याला शिक्षण सोडावे लागले. अशा पदवीहीन, कर्जबाजारी आणि प्रकृतीने पीडित माणसाशी १७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्यांनी इंग्रजी कोशासाठी करार केला. मोबदला १,५०० गिनी, म्हणजे १,५७५ पौंड. मदतनिसांचे वेतनही त्यातूनच द्यावयाचे. फ्रान्समध्ये हेच कार्य १६३५ साली स्थापन झालेल्या अकादमीने केले होते. तिचे सभासद ४० होते आणि राजाचा आश्रय होता. तरी तिचा कोश बाहेर पडण्यास १६९४ साल उजाडले. जॉन्सनने ३ वर्षांत काम करीन असे सांगितले. त्याला सुमारे ९ वर्षे लागली. तरीही एका माणसाने, ६ मदतनिसांच्या बळावर, लंडनमधील एका घराच्या माळ्यावर हे काम केले, हे केवळ अद्भुत आहे.

त्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो चांगल्या लेखकांचे ग्रंथ वाची, उपयुक्त वाक्याखाली पेन्सिलीने खूण करी, आणि मदतनीस ती वाक्ये उतरून घेत. नंतर त्या उताऱ्यांवरून तो शब्दाचा अर्थ ठरवी. म्हणजे अर्थ आधी आणि वाक्य मागाहून असे नव्हे. प्रत्यक्ष वापर आधी आणि अर्थ मागाहून. एका 'टेक' या छोट्या क्रियापदाचे त्याने शंभराहून अधिक अर्थ क्रमांक घालून वेगळे केले. हे काम चालू असतानाच १७५२ साली त्याची पत्नी वारली. लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाने आश्रय देण्याचे सोंग करून वर्षानुवर्षे त्याची विचारपूस केली नाही, आणि कोश पुरा होत आल्यावर मात्र वर्तमानपत्रात स्तुती छापली. त्यावर जॉन्सनने १७५५ साली त्याला धाडलेले पत्र स्वाभिमानी लेखकांचे जाहीरनामापत्रच ठरले आहे. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी कोश दोन प्रचंड खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ४२,७७३ शब्द आणि एक लाखाहून अधिक अवतरणे होती. किंमत ४ पौंड १० शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. म्हणून पुढील वर्षी १० शिलिंगांची संक्षिप्त आवृत्ती काढण्यात आली. आणि त्याच पुढील वर्षी, ६ पौंडांहूनही कमी रकमेच्या कर्जापायी, या महापंडिताला अटक झाली! कादंबरीकार रिचर्डसन याने पैसे धाडले म्हणून तो सुटला. विद्वत्तेची कदर जगात सर्वत्र अशीच असते.

जॉन्सनच्या ग्रंथातील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस त्याच्या प्रस्तावनेत दिसते. भाषेला कायमचे स्थिर करावे, बिघाड थांबवावा, या आशेने त्याने काम हाती घेतले होते. काम संपताना त्याने प्रांजळपणे लिहिले, की हे कोणासही साधणारे नाही. माणसे म्हातारी होतात आणि मरतात, तसे शब्दही बदलतात. कोशकाराने भाषेला बांधून ठेवण्याची हाव धरू नये. तिची नोंद मात्र इमानाने करावी. ज्याने भाषेवर एवढी सत्ता मिळविली, त्यानेच त्या सत्तेची मर्यादा सांगावी, यात त्याचे मोठेपण आहे.

यापुढील कथा थोडक्यात सांगतो. अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने १८२८ साली, वयाच्या सत्तरीच्या घरात, सुमारे ७०,००० शब्दांचा कोश काढला; 'कलर', 'सेंटर' यांसारख्या शब्दांची अमेरिकन वर्णरचना आजही वेगळी दिसते, ती रूढ करण्यात त्याचा मोठा हात होता. इंग्लंडात १८५७ साली रिचर्ड ट्रेंच याने एका व्याख्यानात जुन्या कोशांच्या उणिवा दाखविल्या आणि कोशकार हा इतिहासकार आहे, न्यायाधीश नव्हे, हे तत्त्व मांडले. त्यातून ऑक्सफर्डचा महाकोश जन्मला. १८७९ साली त्याचे संपादकत्व जेम्स मरे याच्याकडे आले. हा एका शिंप्याचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती. त्याने देशोदेशींच्या वाचकांना आवाहन केले: आपण वाचता त्या ग्रंथातील वाक्य एका चिठ्ठीवर उतरून आम्हांकडे पाठवा. हजारो लोकांनी, त्यांत पुष्कळ स्त्रियांनी, विनामूल्य चिठ्ठ्या धाडल्या. मरेची स्वतःची मुले घरी बसून त्या चिठ्ठ्या लावीत. मरे १९१५ साली वारला. कोश १९२८ साली पुरा झाला, तेव्हा त्यात ४,१४,८२५ शब्द आणि सुमारे १८ लाख अवतरणे होती. असा हा ग्रंथ एका पंडिताचा नव्हे, तर असंख्य कुटुंबांचा आहे.

या आद्य कोशकारांचा प्रभाव आजही सरलेला नाही. वर्णानुक्रम, क्रमांक घातलेले अर्थ, व्युत्पत्ती, वापराचे उदाहरण, ही आजच्या प्रत्येक कोशाची चौकट त्यांनीच घातली. इतकेच नव्हे, २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीचा खटला चालला, तेव्हा राज्यघटनेतील 'शस्त्रे' या अर्थाच्या शब्दाचा तत्कालीन अर्थ ठरविण्यासाठी जॉन्सनच्या कोशाचा दाखला देण्यात आला. माळ्यावर बसून गरीब माणसाने लिहिलेली ओळ अडीचशे वर्षांनंतर न्यायासनासमोर उभी राहते, हे शब्दाचे सामर्थ्य होय.

आता मराठीकडे वळू. १८१० साली विल्यम कॅरे याने श्रीरामपूर येथे मराठी कोश छापला. १८२९ साली शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला, आणि १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात कँडी बंधूंचे साहाय्य होते, आणि शब्द जमविणारे हात आपल्याकडील शास्त्र्यांचे होते. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी ट्रेंचचे व्याख्यान झाले त्याच वर्षी. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात बाहेर पडले. हे सर्व ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. मोल्सवर्थ तर आता संगणकावरही पाहावयास मिळतो.

परंतु एक प्रश्न उरतो, आणि तो विचारण्यासाठीच आम्ही एवढा इतिहास सांगितला. कोशात शब्द येतो तो कोणाच्या तोंडून? ज्याला विचारले जाते, त्याच्या. ज्याच्या दाराशी कोणी गेले नाही, त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो. आपल्या समाजातील घरे आज गाव सोडून मुंबई-पुण्यास आणि परदेशीही वसली आहेत. जाते गेले, उतरंड गेली, शिंकाळे गेले, कणगी गेली. वस्तू गेल्या याचे दुःख आम्ही करीत नाही. कष्ट वाचले, हे बरेच झाले. पण त्यांच्यासवे शब्द, म्हणी, नातेसंबंधांची नावे, सणावारांच्या चालींचे बोल, हेही जात आहेत. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांनी इंग्रजी उत्तम शिकावे, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र आजी बोलते ते नातवास कळू नये, ही अवस्था काही घरांत आलेली आहे. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील स्त्रियांना प्रवचनातले शब्द कळेनात, म्हणून कॉड्री पुढे आला. आपल्या घरात तेच उलट्या बाजूने घडत आहे: नव्यांना जुन्यांचे शब्द कळेनात.

यास्तव आमची एक सूचना आहे. मरेची चिठ्ठी आपणही उचलावी. प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ बसावे. कोशात किंवा शाळेच्या पुस्तकात न आढळणारा शब्द ऐकला, की तो एका चिठ्ठीवर लिहावा. खाली तो ज्या वाक्यात आला ते वाक्य लिहावे, बोलणाऱ्याचे गाव लिहावे, आणि सांगितलेला अर्थ लिहावा. शुद्ध की अशुद्ध, याचा निवाडा आपण करू नये. ते आपले काम नव्हे. हे काम मुलामुलींनी करावे, म्हणजे शब्दाबरोबर आजी-आजोबांची ओळखही त्यांस होईल. मंडळाने या चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावाव्यात आणि पुढील स्मरणिकेत त्यांची पहिली यादी छापावी. शंभर शब्द जमले तरी ते पुरेसे आहेत. कॉड्रीने तरी अडीच हजारांवरच आरंभ केला होता.

ज्ञातिसंस्था या केवळ वधूवरांच्या याद्या आणि पंगती यांसाठी नसतात. दुसऱ्या ज्ञातींपासून आपल्याला वेगळे राखण्यासाठी तर त्या नसाव्यातच. आपल्या घरातील शब्द जमविले, की ते सर्व मराठी भाषेच्या भांडारात घालावयाचे आहेत. तेथे त्यांच्यावर कोणा एका ज्ञातीची मुद्रा राहणार नाही, आणि राहूही नये. वृद्धांची पिढी आज आपल्यामध्ये आहे. ती आहे तोवर हे काम होण्यासारखे आहे. नंतर कितीही द्रव्य ओतले तरी व्हावयाचे नाही.